दूध वाढलं

आमच्या नागावात चार माणसं एका ओट्यावर जमली की त्यांचं मंडळ होतं, आणि मंडळ झालं की महिन्याभरात त्यात दोन गट पडतात. म्हणून प्रणालीवहिनींनी जेव्हा दुधाचं मंडळ काढायची गोष्ट काढली, तेव्हा मी सरळ हात जोडले. म्हटलं, "वहिनी, गणपतीचं आहे, भजनाचं आहे, क्रिकेटचं आहे. तेवढं पुरे. दूध पिशवीतून येतंय ते सुखाने येऊ द्या."

प्रणालीवहिनी म्हणजे माझ्या मित्राची, विनेशची बायको. त्यांच्या नारळाच्या वाडीत पाहुण्यांसाठी खोल्या काढल्यात. पाहुण्यांच्या चहाचं वहिनींच्या फार मनाला लागलेलं. "काल पुण्याची माणसं आली होती, सदाभाऊ. चहा पिऊन म्हणतात, वाडीत आलो पण चहा पुण्यातलाच. पिशवी फोडून दिलेला चहा मी किती दिवस देऊ? तुम्हीच सांगत होता ना, त्या रंगूमावशींचं दूध वाया जातं म्हणून?"

तेव्हा चूक माझ्याच जिभेची. मी मिनिडोर, म्हणजे तीनचाकी मोठी रिक्षा चालवतो. सहा माणसं बसवायची परवानगी आहे, बसतात किती ते विचारू नका. सकाळची पहिली फेरी रामराजच्या पुढे, माणसं असतील त्या दिवशी डोंगराखालच्या खैरवाडीला जाते. शेवटच्या थांब्याला लागून रंगूकाकीचं घर. तिच्या दोन म्हशी, मोरी आणि चांदी. पूर्वी डेअरीचा टेम्पो वर यायचा, पण वाडीत दूध घालणारी एकटी रंगूकाकीच उरली तेव्हा तो यायचा बंद झाला. एकट्या बाईने दोन म्हशींचं दूध प्यायचं तरी किती? ती तूप काढायची, मला ताक पाजायची, आणि उरलेलं रेडकांना.

वहिनींना घेऊन मी खैरवाडीला गेलो. रंगूकाकीने आम्हाला पडवीत बसवलं आणि वहिनींचं सगळं बोलणं ऐकून घेतलं. मग शेजारच्या घरांकडे हात केला. एकाला कुलूप, दुसऱ्याला कुलूप, तिसऱ्याचं कुलूपही गंजलेलं. भात लावायला आणि कापायला माणसं येतात, पुन्हा मुंबई-पनवेलला जातात. गणपतीही तिकडेच बसवतात.

"गेल्या सालाला मोरी व्याली," ती म्हणाली, "तर चीक द्यायला एक घर उघडं न्हवतं गो. चीक काय आपन एकट्यानं खायाचा असतो? शेजारात वाटायचा असतो. मी तुलशीला घातला, रेडकाला पाजला नि गप बसले."

चीक म्हणजे व्यायल्यानंतरचं पहिलं घट्ट दूध, ज्याचा खरवस करतात. ते वाया गेल्याचं तिला दूध वाया गेल्याहून जास्त लागलं होतं. वहिनी नुसत्या "हो ना" म्हणाल्या आणि लगेच किटल्यांच्या हिशोबाला लागल्या. बाई कामाची, पण तिचे कान तिच्या डोक्यातल्या कामाला जुंपलेले असतात.

रंगूकाकीचा मुलगा हर्षद न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात नोकरीला. उरणला दुसऱ्या मजल्यावर घर. तो गेली दोन वर्षं आईच्या मागे लागलेला, म्हशी विक आणि माझ्याकडे चल. रंगूकाकीला म्हशी सोडवत नव्हत्या आणि घरही. दूध कुणाला लागत नाही म्हटल्यावर मात्र तिच्याकडे त्याला द्यायला उत्तर राहिलं नव्हतं. आता उत्तर मिळालं. त्या दिवशी ती आम्हाला सोडायला गाडीपर्यंत आली आणि मिनिडोरच्या पत्र्यावर हात फिरवून म्हणाली, "आता कसा नेतो मला, बगते."

मधल्या आळीतली अकरा घरं तयार झाली. घरटी एक किटली. रंगूकाकीला वाचता येत नाही, म्हणून वहिनींनी प्रत्येक किटलीला नेलपॉलिशचा ठिपका लावायला सांगितला, ज्या घरात जो रंग असेल तो. कोपऱ्यावरची नीराबाई मासळी विकते. तिच्या नातीची निळी नेलपॉलिश, म्हणून तिची किटली निळी. आळीच्या टोकाला सुजितचा बंगला. हा घरी बसून कॉम्प्युटरवर कुठल्यातरी परदेशी कंपनीचं काम करतो. लग्न झालेलं नाही, घरात नेलपॉलिश कुठून असणार? त्याने पिवळी चिकटपट्टी लावली. रंगूकाकी त्याला "पट्टीवाला" म्हणायची.

मी आता रोज सकाळी वर जाऊन किटल्या घेऊन यायचो आणि संध्याकाळच्या फेरीत रिकाम्या परत पोचवायचो. रोज एका घराची पाळी असे. त्या घरातल्या माणसाने मारुतीच्या नाक्यावर उभं राहून किटल्या उतरवून घ्यायच्या आणि घरोघरी पोचवायच्या. फोनवर मंडळाचा ग्रुपही झाला. रंगूकाकीचा फोन बटणांचा, म्हणून तिच्या वतीने हर्षद ग्रुपमध्ये. हिवाळा गेला, उन्हाळ्यातले पाहुणे येऊन गेले. चहाची तारीफ सुरू झाली आणि वहिनींची मान ताठ झाली. दोन गट पडले नाहीत. मी वाट बघत होतो, खोटं कशाला बोलू?

ज्येष्ठ संपता संपता किटल्या हलक्या येऊ लागल्या. आधी बोटभर कमी, मग निम्म्या. मी रंगूकाकीला विचारलं तर ती म्हणाली, "दोगी गाभन हायत ना, मंग." मला वाटलं, असेल काहीतरी दोन-चार दिवसांचं. आमच्याकडे नारळ-सुपारी, म्हशींबद्दलचं आमचं ज्ञान चहाच्या कपापुरतं. वहिनी रोज माझ्याबरोबर निरोप पाठवायच्या, "मावशींना विचारा, दूध कधी वाढणार?" कारण आणखी चार घरं मंडळात यायला थांबली होती. मी इमानाने निरोप पोचवायचो. रंगूकाकी नुसतीच म्हशीच्या पाठीवरून हात फिरवायची.

आणि मग एका दुपारी आम्ही वहिनींच्या ओट्यावर बसलो असताना तिचा फोन आला. रंगूकाकी कधी फोन करत नाही. केला तर डोंगरापलीकडच्याला ऐकू जावं असं ओरडते. वहिनींनी स्पीकर लावला.

"ताई, दूध वाढलं गो! सगल्यांना सांग, दूध वाढलं!"

एवढं बोलून फोन बंद. वर रेंज नसतेच. ओट्यावर आनंदीआनंद. वहिनींनी तिथल्या तिथे चार नव्या घरांना होकार कळवला आणि दयारामच्या दुकानातून पुन्हा सुरू झालेल्या दुधाच्या पिशव्या बंद करायला सांगितलं. दयाराम एवढंच म्हणाला, "बघा बुवा."

दुसऱ्या दिवशी मी खैरवाडीला पोचलो तर पडवीत किटल्या नाहीत. त्या कुंपणाच्या खुंटांवर पालथ्या, धुऊन स्वच्छ. घराला कडी. रंगूकाकी म्हशींना घेऊन डोंगराकडे गेलेली. मी हॉर्न वाजवला, हाका मारल्या, गाडीतली माणसं कुरकुरायला लागली तेव्हा तसाच परत आलो.

नाक्यावर पंधरा घरांची माणसं पातेली घेऊन उभी. त्यांना मी काय सांगणार? दूध वाढलं, हे तर सगळ्यांनी कानांनी ऐकलेलं. मग वाढलेलं दूध गेलं कुठे? घरोघरी कोरा चहा झाला. कोरा चहा प्यायलेला माणूस काय वाटेल ते बोलतो. कुणी म्हणालं, किनाऱ्यावरचा एक हॉटेलवाला डोंगराकडे फिरताना दिसला होता. दुपारपर्यंत ग्रुपवर सुजितचा संदेश आला: "वाढलेलं दूध हॉटेलला गेलेलं दिसतंय. साधी माणसं म्हणून आपण विश्वास ठेवतो आणि फसतो." त्याखाली चार-पाच जणांनी अंगठे लावले. वहिनींनी नाही लावला, पण थांबवलंही नाही.

ग्रुपमध्ये हर्षद आहे हे कुणाच्या लक्षातच नव्हतं. संध्याकाळी त्याचं उत्तर आलं: "यापुढे आमच्या घरून कुणाला काही येणार नाही. रविवारी मी आईला उरणला घेऊन जातोय. म्हशींसाठी दलालाशी बोललोय."

अंगठे लावणाऱ्यांनी अंगठे काढून घेतले. मी वहिनींकडे गेलो तर त्या फोन मांडीवर ठेवून बसलेल्या. "सदाभाऊ, रविवारी सकाळी मला वर न्या," त्या म्हणाल्या. "चूक त्यांची असो की आपली, आपल्यामुळे त्या बाईचं घर सुटायला नको."

रविवारी आम्ही पोचलो तेव्हा हर्षद आधीच आलेला. पडवीत नवीकोरी मोठी बॅग, चेन उघडी, आत काहीच नाही. रंगूकाकी गोठ्यात. आम्हाला बघून ती हात पुसत बाहेर आली आणि नेहमीसारखी म्हणाली, "बसा. ताक देऊ?"

हर्षदला मात्र ताकाचा धीर नव्हता. "दूध आटलं म्हणून आईने स्वतः फोन करून कळवलं तुम्हाला. आयुष्यात पहिल्यांदा तिने आपणहून कुणाला फोन केला असेल. आणि तुम्ही तिला चोर ठरवलंत?"

"आटलं?" वहिनी म्हणाल्या. "अहो, मावशी वाढलं म्हणाल्या! सगळ्यांनी ऐकलंय. मावशी, तुम्ही वाढलं म्हणालात ना?"

"व्हय, वाढलंच म्हनलं," रंगूकाकी म्हणाली. "तू रोज इचारायचीस, कवा वाढनार, कवा वाढनार. मला वाटलं पोर शानी हाय, आटलं म्हनत न्हाय. दुधाला आटलं, संपलं असं कसं म्हनू गो? म्हशी हितंच उभ्या, त्या ऐकत न्हाईत?"

वहिनी पायरीवर बसल्याच. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी माझ्या चपलांकडे. माझ्या आईने जन्मात कधी घरातले तांदूळ संपले म्हटलं नाही, वाढले म्हणायची. बांगडी फुटली तरी वाढली. आणि आमच्या नागावात तर स्वयंपाकघरात नारळ फोडतात तो देवळात गेल्यावर वाढवतात. सगळं माहीत असून आम्ही पंधरा घरं रिकामी पातेली घेऊन नाक्यावर उभी राहिलो होतो.

वहिनींना आधी हसू आलं, मग डोळ्यांत पाणी. "मावशी, चुकलं आमचं," त्या म्हणाल्या. "त्या सुजितने वाईट लिहिलं आणि मी गप्प बसले. मला लाज वाटते."

"पट्टीवाला?" रंगूकाकी म्हणाली. "त्याला काय कलतंय."

पण हर्षद हसला नाही. तो शांतपणे म्हणाला, "गैरसमज होता, मिटला. माझा प्रश्न तोच आहे, वहिनी. गेल्या पावसात आई गोठ्यात घसरून पडली. दुपारपर्यंत तशीच पडून होती. हाक मारायला शेजार नाही. दूध सुरू झालं, सदाकाका रोज यायला लागले, तेव्हा मला जरा झोप लागायला लागली. आता दूध नाही. मग रोज कोण येणार? तुम्ही दुधाची माणसं. दूध गेलं, माणसंही जाणार. यात तुमचा दोष नाही."

त्याचं खोटं नव्हतं. 

"मोरी गनपतीत व्यायची हाय. गाभन म्हशी दलालाच्या हातात देऊन मी कुटं जायाची न्हाय," रंगूकाकी म्हणाली.

"गणपतीपर्यंत थांबा," वहिनी एकदम म्हणाल्या. "रोज कुणीतरी येईल. मी सांगते."

हर्षदने त्यांच्याकडे बघितलं, मग आईकडे. "गणपतीला मी येतोच," तो म्हणाला. "बॅग इथेच राहू दे." त्याने बॅगेची चेन लावली आणि ती पडवीतल्या खुंटीला टांगली.

आळीत बैठक झाली आणि शेवटी एकदाचे दोन गट पडले. दूध नाही तर डोंगराकडे जायचं कशाला, हा एक गट. दुसऱ्या गटाला तेच वाटत होतं, पण वहिनींपुढे बोलायची हिंमत नव्हती. वहिनी म्हणाल्या, "पाळ्या ठरलेल्या आहेत ना? ज्याची पाळी, त्याने नाक्याऐवजी खैरवाडीला जायचं. सदाभाऊंच्या पहिल्या फेरीने वर, पुढच्या फेरीने खाली. बस." चार नवी घरं तिथेच गळाली. जुन्यांतलीही तीन मंडळ सोडून गेली.

बाकीचे मात्र पाळीने वर जात राहिले. पाऊस असा की मिनिडोरचे पडदे लावूनही मांड्या भिजायच्या. नीराबाई गेली की दोघी म्हाताऱ्या चुलीपाशी बसून आपापल्या सुनांची उणीदुणी काढत. रंगूकाकीला सून नाही, ती होणाऱ्या सुनेची काढायची. विनेशने गोठ्यावरची कौलं शाकारली. वहिनी स्वतःच्या पाळीला जायच्याच आणि ज्याने टाळली त्याच्याही पाळीला. सुजित पहिल्यांदा आला तेव्हा गाडीत सारखं पुटपुटत होता, माफी कशी मागायची याची तयारी करत असावा. रंगूकाकीने त्याला तोंड उघडू दिलं नाही. चांदीचं दावं त्याच्या हातात देऊन म्हणाली, "धर. मी शेन काडते." तो तासभर दावं धरून उभा होता. परतताना म्हणाला, "सदाभाऊ, ती माझ्याकडे बघत होती." मी विचारलं, कोण, काकी? म्हणाला, म्हैस.

खुंटीवरच्या बॅगेला श्रावणात बुरशी धरली. रंगूकाकीने ती पुसली नाही आणि काढलीही नाही.

गणपती आले. हर्षद आला. आणि गौरी यायच्या आदल्या दिवशी पहाटे मोरी व्याली. पारडी झाली.

मी पहिली फेरी घेऊन पोचलो तेव्हा सणाच्या बाजाराला निघालेली आसपासच्या वाड्यांवरची माणसं परतीसाठी गाडीत खचाखच बसली. पडवीत अकराही किटल्या ओळीने मांडलेल्या, झाकणं घट्ट, कडेला पिवळसर ओघळ. मी एक झाकण उघडून बघितलं. चीक!

"काकी, सगळा देताय? आणि तीन घरं तर सोडून गेली की."

"गेली तरी किटल्या हितंच हायत न्हवं?" ती म्हणाली. "याचं कुनाकडून काय घ्यायचं न्हाय, सांग. चीक इकत न्हाईत. शेजारात देतात."

हर्षद दाराला टेकून ऐकत होता. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती, किटल्या ठेवणार कुठे? रंगूकाकीने इकडे तिकडे बघितलं, टपावर ठेवता येईल म्हणून खुंटीवरची बॅग काढली, तळाशी पेंढा घातला आणि किटल्या एकेक करून आत उभ्या करायला लागली. हर्षद पुढे होऊन तिला किटल्या देऊ लागला. पिवळ्या पट्टीची हातात आली तेव्हा तो थांबला.

"ही त्याचीच ना, आई? ज्याने लिहिलं होतं?"

"त्याचीच. ती पयली ठेव, सांडंल. काठोकाठ भरलीय." आणि मुलाचा चेहरा बघून म्हणाली, "भांडला म्हनून काय झालं? शेजारी हाय तो. शेजारीच भांडतात. ह्या कुलपांशी भांडू काय मी?"

हर्षदने किटली पेंढ्यात नीट बसवली.

त्या दिवशी मधल्या आळीत घरोघरी खरवस झाला. वहिनींनी रंगूकाकीला फोन लावला आणि आधी नीट विचार करून म्हणाल्या, "मावशी, खरवस वाढला!" पलीकडून आवाज आला, "कंच्या अर्थानं गो?" आणि दोघी कितीतरी वेळ हसत होत्या.

चिकाचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, हे आळीत कुणाला सांगावं लागलं नाही. किटल्यांतून सुपाऱ्या आल्या, गूळ आला, करंज्या आल्या. नारळ मावेनात म्हणून ते बॅगेत सुटेच. सुजितने मला विचारून विचारून कॉफीची बाटली घातली. सोडून गेलेल्या तीन घरांनी सगळ्यात मोठे नारळ दिले. नीराबाईने सुकट दिली. मी म्हटलं, अगं, घराघरांत गणपती आहेत. तर म्हणाली, "आज कोन खा बोलतंय? गेल्यावर खातील." कागदात गुंडाळली होती, पण सुकट ती सुकट.

गौरी-गणपती गेल्यावर मी बॅग परत घेऊन वर गेलो. हर्षदची सुट्टी संपली होती. त्याने बॅग रिकामी केली, नारळ कोपऱ्यात रचले, कॉफीच्या बाटलीकडे दोनदा बघितलं. मग बॅगेत तोंड घालून वास घेतला आणि झटक्यात बाहेर काढलं.

"आई," तो म्हणाला, "ही बॅग आता उरणला नेता यायची नाही."

रंगूकाकी मोरीच्या पारडीला पुसत होती. तिने मान वर केली नाही.

"मंग ऱ्हाऊ दे हितंच," ती म्हणाली.

हर्षदने ती माळ्यावर टाकली, आईच्या पाया पडला, आणि मांडीवर दुधाची एक किटली घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला.